साहेब विनोद करतात तेव्हा

"ह्यात हसायचं कुठे असतं रे?" आईने विचारलं. मी लॅपटॉपवर 'द ऑफिस'चे जुने भाग लावून बसलो होतो आणि ती शेजारी मटार सोलत होती. प्रश्न भाषेचा नव्हता. बँकेत पस्तीस वर्षं काढलेली बाई आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा नीट कळतं तिला. पण पडद्यावर एक माणूस विनोद करत होता, समोरचे सगळे गप्प होते, मग तोही गप्प झाला, आणि मग नुसतं झेरॉक्स मशीनमधून कागद बाहेर येताना दिसलं. "हे तर मी रोज बघितलंय," आई म्हणाली, "आणि वर त्याचा पगार घेतलाय."

तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा खटाटोप.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मालिका बीबीसी टूवर जुलै २००१ मधे सुरू झाली. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट ह्या दोघांनी मिळून लिहिली आणि दिग्दर्शितही केली. २००१ मधे सहा भाग, २००२ मधे सहा, आणि २००३ च्या नाताळात शेवटचे दोन मोठे भाग. संपलं. पुढे अमेरिकेत तिची जी आवृत्ती निघाली ती २००५ ते २०१३ अशी नऊ सीझन चालली आणि आमच्या घरातल्या भाचरांना 'ऑफिस' म्हटलं की तीच आठवते. मी बोलतोय ते मूळचं, चौदा भागांचं, करड्या रंगाचं ऑफिस.

वर्नम हॉग नावाची कागद विकणारी एक काल्पनिक कंपनी, तिची स्लाउ नावाच्या गावातली शाखा, आणि त्या शाखेचा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट. ब्रेंटची भूमिका स्वतः जर्व्हेसने केली आहे. गावाचं स्पेलिंग वाचून आपल्याकडचा प्रत्येकजण आधी 'स्लफ' म्हणतो आणि मग कुणीतरी गोरा हळूच सुधारतो. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या पलीकडे हे गाव आहे. मोठी औद्योगिक वसाहत, मार्स चॉकलेटचा कारखाना, आणि आपल्या उपखंडातली भरपूर माणसं. गावाची बदनामी जुनी आहे. जॉन बेट्जमन ह्या कवीने १९३७ साली, इथे खुशाल बॉम्ब पडू देत अशा अर्थाची एक कविताच छापली होती. मालिकेत ब्रेंट ती कविता हातात घेऊन वाचतो आणि मधे मधे थांबून कवीच्या चुका काढतो. सुरुवातीच्या पाट्यांत ढगाळ आकाश, वाहतुकीचं भलंमोठं वर्तुळ आणि स्लाउचं जुनं बसस्टँड दिसतं, ते पुढे पाडलं. गंमत म्हणजे ऑफिसच्या आतलं सगळं चित्रीकरण स्लाउत झालंच नाही, ते टेडिंग्टनला झालं. पण ऑफिस आतून कुठलंही असलं तरी तेच दिसतं म्हणा.

मी २००४ मधे एका प्रोजेक्टसाठी रेडिंगला होतो. पॅडिंग्टनहून निघालेली गाडी वाटेत स्लाउला थांबायची आणि आम्हाला तिथे उतरायचं काही कारण नसायचं. त्याच वर्षीच्या जानेवारीत मालिकेला दोन गोल्डन ग्लोब मिळाले होते, त्यामुळे क्लायंटच्या ऑफिसात जिकडे तिकडे तोच विषय. शिवाय जर्व्हेस जन्माने रेडिंगचा. तिथल्या एका सहकार्‍याने डीव्हीडीचा संच दिला आणि म्हणाला, "बघ, पण सोमवारी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू नकोस."

फ्लॅटवर आम्ही तिघे. एक नागपूरचा, एक सांगलीचा आणि मी. पहिल्याच भागात ब्रेंट एका नवीन पोराला आपण किती मजेशीर साहेब आहोत ते दाखवायला निघतो. रिसेप्शनवरच्या डॉनला आत बोलावतो आणि खोटंच सांगतो की तू पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या चोरल्यास, तुला कामावरून काढतोय. त्याला वाटतं हा झकास विनोद. डॉन रडायला लागते. आता हा विनोद होता हे सांगावं तर मुलगी रडतेय, न सांगावं तर आणखीनच रडणार. कॅमेरा तिथून हलत नाही. आमचा सांगलीकर उठला, "चहा टाकतो" म्हणाला आणि आत गेला. पुढे ब्रेंट तोंड उघडायच्या बेतात असला की तो चहाला उठायचा. पहिला सीझन संपेपर्यंत आम्ही प्रचंड चहा प्यायलो.

ह्या भावनेला मराठीत काय म्हणावं ह्यावर तेव्हा आमचा बराच खल झाला होता. आपली आपल्याला लाज वाटण्यासाठी शब्दांची चंगळ आहे. ओशाळणं, वरमणं, खजील होणं, शरमणं, मेल्याहून मेल्यासारखं होणं. पण चूक त्याची, फजिती त्याची, त्याला त्याचा पत्ता नाही आणि कानशिलं मात्र आपली तापली आहेत, ह्याला एक शब्द मला तरी सुचत नाही. नागपूरकराने 'उसनी लाज' असा शब्द काढला. मला तो आवडला. उसनवारीसारखंच आहे ते, परतफेड कुणी करत नाही.

तर मुद्दा असा, की ही उसनी लाज विकत घेऊन बघण्यासारखं काय आहे?

पहिलं उत्तर म्हणजे शांतता. आपल्याकडे पोचलेल्या बर्‍याचशा ब्रिटिश विनोदी मालिकांत मागे प्रेक्षकांचं हसू असतं. 'फॉल्टी टॉवर्स' घ्या. १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भाग आहेत आणि ती पण एका अर्थी नोकरीच्या जागेचीच गोष्ट आहे, हॉटेलची. बेसिल फॉल्टीची फजिती ब्रेंटपेक्षा कमी नसते. पण तिथे प्रेक्षक मोठ्याने हसतात आणि आपल्याला आधार मिळतो, की चला, हे हसण्यावारी न्यायचंय. 'द ऑफिस'मधे तो आधारच काढून घेतलाय. हसू नाही, मधे वाजणारं संगीत नाही, फक्त फोनची रिंग आणि झेरॉक्सची घरघर. ब्रेंटने विनोद केला की आपण त्या टेबलाभोवती बसलेले असतो आणि आपल्यालाच ठरवायचं असतं की आता चेहरा कसा ठेवायचा.

आणि हा प्रश्न टीव्ही बघणार्‍याचा नसतोच, तो नोकरी करणार्‍याचा आहे.

दुसरी गोष्ट कॅमेर्‍याची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश टीव्हीवर 'एअरपोर्ट', 'ड्रायव्हिंग स्कूल' अशा साध्या माणसांच्या कामावरच्या माहितीपटांची लाट होती. त्यातली काही साधी माणसं बघता बघता प्रसिद्ध झाली. 'द ऑफिस' हा तसाच एक माहितीपट चाललाय असं दाखवलंय, आणि ब्रेंटने ते सगळे कार्यक्रम पाहिलेले आहेत हे न सांगता कळतं. आलेला कॅमेरा त्याच्या दृष्टीने आयुष्यातली संधी आहे. मला पुष्कळदा वाटतं की कॅमेरा नसता तर तो एक सुमार पण सुसह्य साहेब झाला असता. प्रशिक्षणाच्या दिवशी घरी जाऊन गिटार आणून सगळ्यांना स्वतःची गाणी ऐकवली नसती. (किंवा ऐकवलीही असती. सांगता येत नाही.) बाकीच्यांपैकी टिम नुसता कॅमेर्‍याकडे बघतो. शेजारच्या गॅरेथचा स्टेपलर जेलीत घालून ठेवणारा, आठवड्यातले पाच दिवस गॅरेथच्या टेबलाला टेबल लावून बसणारा हा तिशीचा मुलगा, त्याच्या त्या एका नजरेत 'पाहिलंत ना?' एवढंच असतं. ती नजर आपण मीटिंगमधे समोरच्याला देतो तीच.

लिहिणार्‍यांनी हे कुठून आणलं? जर्व्हेसने टीव्हीवर येण्याआधी लंडन विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या ऑफिसात बरीच वर्षं नोकरी केली होती. मर्चंट बीबीसीत उमेदवारी करत असताना त्याला एक छोटी फिल्म करायची होती, त्यात जर्व्हेसने असल्या साहेबाची नक्कल केली आणि त्यातून हे सगळं उगवलं. नोकरी न केलेल्या माणसाला अप्रेझलचा तो प्रसंग लिहिता आलाच नसता.

त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अख्ख्या मालिकेतला तो सर्वात खरा प्रसंग आहे. दुसर्‍या सीझनमधे ब्रेंट सगळ्यांची अप्रेझल्स घेतो. अकाउंट्समधला कीथ आत येतो. थंड, जाडजूड, डोळ्यांची पापणीही न हलवणारा माणूस. फॉर्मवर आपले गुण कोणते ह्यासमोर त्याने लिहिलंय 'अकाउंट्स'. ब्रेंट म्हणतो, अरे ते तर तुझं कामच आहे. आणि दोष कोणते, तर 'इसब'. मग पुढचे प्रश्न. कंपनीने दिलेल्या प्रशिक्षणाचा कितपत उपयोग झाला वगैरे वगैरे, आणि उत्तरांचे ठरलेले पर्याय. कीथ शांतपणे पर्याय विचारतो, ब्रेंट ते वाचून दाखवतो, कीथ 'माहीत नाही' निवडतो. पुढचा प्रश्न. पर्याय तेच. पण कीथ पुन्हा विचारतो, पर्याय कोणते? ब्रेंट पुन्हा वाचतो. असं चालूच राहतं.

मी आजवर किमान वीस अप्रेझल्स टेबलाच्या ह्या किंवा त्या बाजूला बसून पार पाडली आहेत आणि कीथइतका प्रामाणिक फॉर्म मला एकदाही बघायला मिळाला नाही.

त्याच भागात ब्रेंट डॉनला विचारतो, तुझा आदर्श कोण? ती म्हणते, आई. तो म्हणतो, नातेवाईक सोडून. ती म्हणते, टिम. ते त्याला रुचत नाही, तो पुन्हा फिरवून विचारतो. उत्तर काय हवंय ते खोलीतल्या झेरॉक्स मशीनलाही कळलेलं असतं. इथे मला हसू यायचं थांबलं. कारण हा माणूस दुष्ट नाहीये हो. त्याला फक्त लोकांनी आपल्यावर प्रेम करावं असं वाटतं, आणि ज्यांच्या पगाराची किल्ली त्याच्याकडे आहे त्यांच्याचकडून ते हवंय.

आणि हे सगळं चालू असताना डोक्यावर कपातीची तलवार आहे. पहिल्याच भागात मुख्यालयातली जेनिफर येऊन सांगते की स्लाउ आणि स्विंडन ह्या दोन शाखांतली एकच राहणार. ब्रेंट आपल्या लोकांना छातीठोकपणे सांगतो, कुणाचीही नोकरी जाणार नाही. मग सीझनच्या शेवटी त्याला वरची जागा देऊ करतात, जी घेतली तर स्लाउ शाखा बंद. तो घेतो. सगळ्यांना जमवून सांगतो की एक वाईट बातमी आहे आणि एक चांगली. वाईट म्हणजे तुमच्यातल्या काहींच्या नोकर्‍या जाणार. चांगली म्हणजे मला बढती मिळाली. आणि त्यांना आनंद का होत नाही हे त्याला खरोखर कळत नाही. (पुढे वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यामुळे बढती हुकते आणि तो ऑफिसात सांगतो की तुमच्यासाठी मीच नाकारली. असो.)

दुसर्‍या सीझनमधे तलवार त्याच्यावरच पडते. धर्मादाय निधीसाठी सगळे विचित्र पोशाख करून आलेले असतात त्या दिवशी, तो शहामृगाचा पोशाख घालून बसलेला असताना त्याला कामावरून कमी केल्याचं सांगतात. आणि शेवटच्या भागात तो नोकरीसाठी गयावया करतो. तिथे त्याच्या तोंडी एकही विनोद नाही. आवाज खाली गेलाय, हात चाळवतायत. आमचा सांगलीकर त्या वेळी चहाला उठला नाही.

तेव्हा आम्ही सव्वीस-सत्तावीसचे होतो. नोकरी जाणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते पाच वर्षांनी पाहिलं.

परत आल्यावर मी पुण्यात दुसर्‍या एका कंपनीत लागलो. आमच्या साहेबांना कोट्यांची भारी हौस. दर सोमवारी सकाळच्या मीटिंगची सुरुवात ठरलेली, "मंडळी, आज मंडे आहे, मंद-डे नाही!" आम्ही अकराजण हसायचो. दर सोमवारी. जवळजवळ चार वर्षं. माणूस चांगला होता, रजा कधी अडवली नाही, माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतः दवाखान्यात येऊन बसला होता. पण कोटी भिकार होती आणि आम्ही हसत होतो, कारण दुसरं करणार काय?

इथे मला आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक दिसतो. ब्रेंटची माणसं गप्प बसतात. ब्रिटिश सभ्यपणा कितीही असला तरी साहेबाच्या विनोदावर न हसण्याची तिथे सोय आहे. आपल्याकडे ब्रेंट असता तर त्याला जन्मभर कळलं नसतं. २०१९ मधे हॉटस्टारवर फरीदाबादेत घडणारं हिंदी 'द ऑफिस' आलं होतं. मुकुल चड्ढाने काम मनापासून केलंय. पण भारतीय साहेबाने विनोद केलाय आणि हाताखालचे ढिम्म बसलेत, हे बघताना मला सारखं वाटत होतं की असं कुठे असतं? आपलं खरं ऑफिस दाखवायचं तर सगळ्यांना खो खो हसवायला हवं. मागे वाजणार्‍या हसण्याची आपल्याला गरजच नाही, ते आम्हीच पुरवतो. आणि ते मला त्या शांततेपेक्षा भयंकर वाटतं.

२००९ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे कपात झाली. साहेबांनी चौघांना एकेक करून कॉन्फरन्स रूममधे बोलावलं. दोन आठवड्यांनी त्यांना वरून बोलावणं आलं. शेवटच्या दिवशी केक आणला होता, केक कापून झाला, कुणीतरी सवयीने म्हणालं, "सर, दोन शब्द." साहेब उभे राहिले. "मंडळी, आज फ्रायडे आहे," म्हणाले आणि थांबले.

आम्ही सगळे हसायच्या तयारीला लागलो होतो. माझे स्वतःचे गाल वर गेलेले मला जाणवले. अकरा चेहरे अर्धवट हसरे करून आम्ही कोटीची वाट बघत होतो.

"...तर लॅपटॉप आजच जमा करायचाय म्हणतात. आयटीवाला जायच्या आत देऊन येतो." एवढं बोलून ते गेले.

ती काही सेकंदं आजही अंगावर येतात. ब्रेंटच्या एकूण एक प्रसंगांची बेरीज केली तरी त्याची सर येणार नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माणसाला आमच्या हसण्याचा खरा भाव बहुधा ठाऊक होता. आम्हालाच वाटत होतं की नाही.

अमेरिकन आवृत्ती मला आवडते, खोटं कशाला बोला. स्टीव्ह करेलचा मायकेल स्कॉट हळूहळू गोड होत जातो, ऑफिसचं कुटुंब होतं, थकून घरी आल्यावर बघायला ती फार बरी. पण दोनशे भाग ज्यांच्या सहवासात काढायचे ती माणसं गोड करावीच लागतात. ब्रिटिश मालिकेवर ती जबाबदारी नाही. टिम मानसशास्त्र शिकायला जाणार म्हणतो आणि जरा बढती मिळताच तिथेच राहतो. डॉनला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची असतात आणि ती फोन उचलत बसते. चौदा भागांत बहुतेक काही होत नाही. ऑफिसात तरी बहुतेक काही कुठे होतं?

नाताळच्या त्या शेवटच्या दोन भागांत मात्र थोडं होतं. ब्रेंट आता गाडीतून साफसफाईचं सामान विकत फिरतो आणि जुन्या ऑफिसात विनाकारण डोकावत राहतो, इतकं की शेवटी नवीन साहेब नील त्याला येऊ नकोस म्हणतो. पण अगदी शेवटी, सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना, ब्रेंट काहीतरी गंमत करतो आणि लोक हसतात. खरंखुरं. चौदा भागांत प्रथमच. काही जणांना हा शेवट जरा गोडगोड वाटतो. मला नाही वाटत. आता तो कुणाचाच साहेब नाही, एवढं साधं गणित आहे ते.

मी आता चौदाजणांच्या टीमचा मॅनेजर आहे. २०२० पासून आमच्या निम्म्या मीटिंगा व्हिडिओवर होतात. तिथे विनोद केला की काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. सगळे म्यूट. चौदा चौकोन. काही चौकोनांत नुसती आद्याक्षरं. तुम्ही बोलून थांबता, आणि शुद्ध, निखळ, स्लाउची शांतता. मग तीन-चार सेकंदांनी कुणीतरी एक हसरा चेहरा पाठवतं, की लगेच त्यामागे रांग लागते. बहुतेक वेळा तो पहिला चेहरा ज्याचं अप्रेझल जवळ आलंय त्याचा असतो. :)

त्यांना खरंच हसू आलं का, हे मला कळायला मार्ग नाही. मी कोट्या करत नाही, निदान सोमवारी तरी. पण मधे मधे काहीतरी तोंडातून जातंच, देशपांड्यांचं रक्त आहे. आणि दर वेळी त्या तीन सेकंदांत मी ब्रेंट असतो की नसतो ते चौदाजणांना माहीत असतं, मला नसतं.

गेल्या आठवड्यात टीममधे एक नवीन मुलगी आली, कॉलेजातून थेट. तिची पहिलीच मीटिंग. मी म्हटलं, "ह्या वेगाने आपण चाललो तर रिलीज डायरेक्ट पुढच्या दिवाळीला, फराळासोबत." नेहमीप्रमाणे शांतता, नेहमीप्रमाणे चेहर्‍यांची रांग. तिने मात्र म्यूट काढलं आणि गंभीरपणे विचारलं, "सर, म्हणजे तारीख बदलली का? मी नोंद करून घेऊ?"

मी म्हटलं, नको.